टर्बोची बारीक शिट्टी

मी एकोणपन्नासाव्या वर्षी ट्रॅकवर पळवायला जुनी स्पोर्ट्स कार घेते आहे हे कळल्यावर माझ्या मिरजेच्या भावाने फोनवर एवढंच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

सगळं ठीक होतं. मी रेल्वेत इंजिनियर आहे आणि बावीस वर्षं लखनौला मानक नगरच्या कॉलनीत राहते. माझं काम धावत्या गाड्यांच्या चाचण्या घेण्याचं. चाचणीच्या डब्यात उपकरणांसमोर बसायचं, वेग बघायचा, कंप बघायचे, ब्रेक लागल्यापासून गाडी किती अंतरात थांबली ते नोंदवायचं. चालवणारा माणूस पुढे इंजिनात असतो आणि मी मागे आकड्यांत. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने नोएडापलीकडच्या रेसिंग ट्रॅकवर गेले होते. तिथे कुणीतरी मला शेजारच्या सीटवर बसवून एक फेरी मारून आणलं. एका वळणाआधी त्याने ब्रेक दाबला तेव्हा पट्टा छातीत रुतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. उतरले ती हे आपण स्वतः करायचं असं ठरवूनच.

नवरा बँकेत आहे, नागपूरचा. त्याने विरोध केला नाही, पण प्रत्येक गाडी बघायला तोही सोबत येणार अशी अट घातली. त्याला गाड्यांतलं कळत नाही. माणसांतलं कळतं.

नवीन स्पोर्ट्स कार आमच्या आवाक्यातली नव्हती. जुनी, टर्बो असलेली दोन दारांची गाडी मात्र जमण्यासारखी होती. लहान इंजिन, पण टर्बोमुळे दीडपट जोर. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक छोटं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा दाबून भरतं, आणि ती दांडी तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते. त्या थराला धक्का लागला की सगळं संपलं. शिवाय ट्रॅक दिल्लीच्या परिसरात, आणि तिथे पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून अकरा-बारा वर्षांहून जुनी नको होती.

पहिली गाडी लालभडक होती, नवऱ्याला बघताक्षणी आवडली. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. आम्ही येण्याआधी मालकाने इंजिन तापवून ठेवलं होतं. गार इंजिन सुरू करताना जो धूर दिसतो तो दिसू नये, याखेरीज त्याला दुसरं कारण मला सुचेना. आम्ही चहा न घेता निघालो. दुसरी गाडी फार कमी चाललेली होती, पण चार वर्षं कापडाखाली उभी होती. रबरी नळ्या दाबून पाहिल्या तर काठीसारख्या कडक झालेल्या, टायरांना भेगा. उभी राहिलेली गाडी धावलेल्या गाडीपेक्षा जास्त बिघडते, हे मी रेल्वेच्या डब्यांतही पाहिलेलं आहे.

तिसरी विमानतळाजवळ अमौसीला मिळाली. मालक विमानांच्या देखभालीचं काम करणारा, दक्षिणेत बदली झालेला. गाडी करडी, बॉनेटवरचा रंग उडालेला. पण त्याने समोर एक फाइल ठेवली. तेल कधी बदललं, इंजिनाचा पट्टा कधी बदलला, सगळं किलोमीटरसकट लिहिलेलं. आणि मी विचारायच्या आत तो म्हणाला, की टर्बोकडून येणाऱ्या नळीत थोडं तेल दिसतं, सील थकत आलं असावं, ट्रॅकवर नेण्याआधी टर्बो उघडून बघा. परतताना नवरा म्हणाला, "हीच घे. हा माणूस दोष आधी सांगतो."

आता टर्बो उघडणारा माणूस हवा होता. मोठ्या गॅरेजांत सगळीकडे एकच उत्तर मिळालं, दुरुस्ती नाही, नवीनच बसवा, आणि तो परदेशातून कधी येईल सांगता येत नाही. मग ऑफिसातल्या एका जुन्या माणसाने लखनौतल्याच अलीगंजचा पत्ता दिला. तिथे घराच्या पुढच्या अंगणात पत्र्याखाली एक निवृत्त मिस्त्री काम करत. बहात्तर वर्षांचे, सडपातळ, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. रेल्वेच्या डिझेल इंजिनांचे टर्बो उघडण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. आता शेजाऱ्यांच्या स्कूटर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचे.

त्यांनी माझ्या गाडीचा टर्बो काढून हातात घेतला आणि बराच वेळ फिरवून पाहिला. रेल्वेचा टर्बो दोघांना उचलावा लागतो, हा तळहातावर मावत होता. "चीज़ वही है, मैडम," ते म्हणाले. "बस बच्चा है।"

पुढचे चार रविवार मी त्या अंगणात काढले. ते शिकवत गेले. दांडी बोटांत धरून आडवी हलवायची, किंचित हलली तर चालेल. मागेपुढे ओढायची, तिथे केसभरही हलता कामा नये. जुनं तेल जळून नळीत काजळीसारखं घट्ट बसलेलं होतं, ते त्यांनी रॉकेल आणि तारेने दोन तास बसून काढलं. जोराने पळवल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, म्हणजे ही काजळी धरत नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. दिल्लीहून बेअरिंग आणि सील मागवले. ब्रेकचं तेल बदललं, पुढचे ब्रेक पॅड बदलले, कूलंटच्या सगळ्या नळ्या नवीन टाकल्या. मध्येमध्ये ते वर्कशॉपच्या गोष्टी सांगत. इंजिनात काही खोट असली की दुसऱ्या खात्यांतले साहेबही त्यांना बोलावत. ते पेचकसाचं टोक यंत्राला लावत, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत. सांगितलेलं कधी चुकलं नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात बढाई नव्हती. पण निवृत्तीनंतर तसं कुणी बोलावलं नाही, हेही त्यांनी एकदा सहज सांगून टाकलं.

एक गोष्ट मला खटकत होती. रेल्वेचा टर्बो मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेतो. गाडीतला हा लहानगा लाखाच्या पुढे जातो. नवीन बेअरिंग घातल्यावर त्याचा तोल खास यंत्रावर तपासायला हवा, हे मला माहीत होतं. दिल्लीला पाठवू या का, असं मी विचारलं. काढताना खुणा केल्या होत्या, खुणेला खूण लावूनच बसवलंय, असं मिस्त्रीजी म्हणाले. रेल्वेत इतकं पुरायचं. आणि दिल्लीला पाठवलं तर तीन आठवडे जातील. ट्रॅकवरचा माझा दिवस दोन आठवड्यांवर आला होता. मी पुन्हा विचारलं नाही.

टर्बो बसवून इंजिन सुरू केलं त्या दिवशी त्यांनी पेचकस लावला, डोळे मिटले आणि मला खुणेने जोर वाढवायला सांगितला. मी वाढवला, सोडला, पुन्हा वाढवला. मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले. "एकदम साफ़।"

मला ऐकू येत होती. काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवल्यावर येते तशी एक बारीक शिट्टी. जोर वाढला की चढत होती, सोडला की उतरत होती. मी त्यांच्याकडून पेचकस घेऊन स्वतःच्या कानाला लावला. शिट्टी तिथे इतकी स्पष्ट होती की मी दचकले. वर पाहिलं तर मिस्त्रीजी माझ्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे. त्याच क्षणी मला सकाळची गोष्ट आठवली. त्यांच्या फोनची घंटी त्यांच्यापासून हातभर अंतरावर वाजत होती आणि शेवटी त्यांच्या पत्नीने आतून येऊन फोन हातात दिला होता. पस्तीस वर्षं वर्कशॉपच्या आवाजात काढलेल्या माणसाचे कान कसे होतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी म्हणाले, "हाँ मिस्त्रीजी, साफ़ है।"

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते पाहून मला बरंही वाटलं.

पुढचे बारा दिवस मी रोज सकाळी ऑफिसला तीच गाडी घेऊन जात होते आणि रेडिओ बंद ठेवून ऐकत होते. कधी वाटे शिट्टी कमी झाली, बेअरिंग बसतंय. कधी वाटे वाढली. ऑफिसात माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं, चाचणीत खटकलेली गोष्ट अहवालात न लिहिता पुढे ढकलली असती, तर मी त्याला उभं केलं असतं. हे मला त्या दिवसांत कळत नव्हतं असं नाही.

ट्रॅकच्या आदल्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. आग्र्याच्या एक्सप्रेसवेला लागलो आणि वेग धरला, तसा नवऱ्याने फोनवरून डोळे वर काढले.

"हा आवाज कसला?"

"टर्बोचा असतो असा."

"आधी नव्हता."

"आधी सील गेलं होतं ना. आता नवीन आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. पुढे चारशे किलोमीटर आम्ही दोघं तो आवाज ऐकत गेलो.

ट्रॅकवर सकाळी गाड्यांची तपासणी असते. बॅटरी घट्ट आहे का, चाकांचे नट, खाली काही गळतंय का. तपासणाऱ्याने खाली वाकून टॉर्च मारला, वर आला, आणि काही तक्रार आहे का असं विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने काचेवर हिरवी पट्टी चिकटवली. हेल्मेट घातल्यावर एक बरं झालं, शिट्टी ऐकू येईनाशी झाली.

पहिली वीस मिनिटं इतकी चांगली गेली की त्याबद्दल लिहिताना आजही लाज आणि आनंद दोन्ही वाटतं. ब्रेक कुठे धरायचा, कधी सोडायचा, वळणातून बाहेर पडताना टर्बो कसा पाठीत धक्का देतो, हे सगळं माझ्या हातापायांना कळत होतं. मी परत आले. नवरा कठड्याशी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याने कसं झालं विचारलं. मी हसत राहिले. खरं तर तिथेच बॉनेट उघडून बघायला हवं होतं. रांगेत पुढची पाळी लवकर होती. मी टायरांची हवा पाहिली आणि पुन्हा आत बसले.

दुसऱ्या खेपेच्या पाचव्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या मध्यावर, जोर एकदम ओसरला. पायाखाली पेडल तसंच दाबलेलं, गाडी मात्र कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. मग हेल्मेटच्या आतसुद्धा ऐकू आला तो आवाज, अॅम्ब्युलन्सच्या भोंग्यासारखा चढत गेलेला आणि मध्येच तुटलेला. आरशात पाहिलं तर मागे काही दिसत नव्हतं. निळसर पांढऱ्या धुराची भिंत होती.

मी पेडल सोडलं, हात बाहेर काढला, गाडी कडेला घ्यायला लागले. पण वळण समोर आलं होतं आणि मी ते पार केल्यावरच गवतावर उतरू शकले. त्या वळणावर माझ्या गाडीखालून काय पडत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. कंपांनी तेलाच्या नळीचा सांधा सुटला होता. इंजिन बंद करून, पट्टा सोडून मी बाहेर पडले आणि कठड्याकडे पळाले. वळून पाहिलं तेव्हा धुरातून एक पांढरी छोटी गाडी वळणात शिरत होती.

ती वळलीच नाही. चाकं वळलेली होती, गाडी सरळ जात राहिली, मग मागची बाजू फिरली, एक गिरकी, दुसरी, आणि ती खडीत जाऊन उलट्या तोंडाने थांबली. खडी उडून पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही. दार उघडत नव्हतं. मी धावत सुटले. ट्रॅकवरच्या माणसाने लाल झेंडा दाखवत मला ओरडून जागेवर थांबवलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी त्या दाराकडे बघत उभी होते आणि मनात फक्त अलीगंजच्या अंगणातलं माझं वाक्य होतं.

दार उघडलं. चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी बाहेर आली. तिने हेल्मेट काढलं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. गाडीचा पुढचा भाग मात्र फाटला होता.

डॉक्टरांनी तिला तपासलं, पाणी दिलं. नंतर पार्किंगजवळ ती माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती. तिने सरळ विचारलं, "आंटी, गाड़ी में पहले से कुछ था क्या?"

नवरा माझ्या शेजारी उभा होता.

"नहीं," मी म्हणाले. "अचानक हुआ।"

तिने मान हलवली. होतं असं कधीकधी, असं काहीतरी म्हणून ती उलट मलाच धीर देऊन गेली.

गाडी ट्रकवर चढवून अलीगंजला पाठवली आणि आम्ही दोघं दिल्लीहून ट्रेनने परत निघालो. अलीगढ येईपर्यंत नवरा खिडकीबाहेर बघत होता. मग त्याने विचारलं, "तो आवाज तुला एक्सप्रेसवेवर ऐकू येत होता ना?"

"त्याच्याही आधीपासून."

मी सगळं सांगितलं. पेचकस, फोनची घंटी, मिस्त्रीजींचा चेहरा. त्यांना ऐकू येत नाही हे तोंडावर कसं सांगायचं, बहात्तर वर्षांचा माणूस, एवढ्या मायेने काम केलेलं, असं बरंच काही बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाला, "तू त्यांचं मन राखलंस असं तुला वाटतंय. तुला तारीख चुकवायची नव्हती."

 

दोन दिवसांनी रविवार होता. मी अलीगंजला पोचले तेव्हा मिस्त्रीजींनी टर्बो उघडून वर्तमानपत्रावर मांडला होता. चाकाची पाती आतल्या भिंतीला घासून दातरलेली, दांडी निळी पडलेली. ते तेलाच्या नळीला दोष देत होते. नळीत पुन्हा कचरा अडकला असेल, मी नीट साफ केली नसेल, असं स्वतःशीच पुटपुटत होते. मला ते ऐकवेना. उभ्याउभ्याच सांगितलं, की आवाज आधीपासून होता.

"किस दिन से?"

"उसी दिन से. आपने पेचकस लगाया था, तब मैंने सुनी थी।"

त्यांना कळायला दोनतीन क्षण लागले. मग त्यांनी हातातलं चाक वर्तमानपत्रावर ठेवलं, नळाखाली साबण लावून हात धुतले, बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि आत निघून गेले. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि अदबीने म्हणाल्या, की त्यांची तब्येत जरा ठीक नाही, आपण पुन्हा कधी या. माझ्यासाठी मांडलेल्या खुर्चीत मी बसलेसुद्धा नव्हते.

तीन आठवडे काही कळलं नाही. माझी गाडी त्यांच्या पत्र्याखाली पोट उघडं टाकून पडली होती. फोन करायला हात जाईना आणि दुसरीकडे न्यायचीही हिंमत होईना. त्या दिवसांत मी ट्रॅकवाल्यांकडून निरोप पाठवून त्या मुलीचा फोन मिळवला. तिला खरं सांगितलं.  तुझ्या गाडीचं काम मी करून देते, असंही म्हटलं.

"मैंने पापा को बोला था कि आपकी गलती नहीं थी," ती म्हणाली. गाडीचं आमचं आम्ही बघू, असं म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर मी केलेल्या मेसेजला तिचं उत्तर आलं नाही. ते यायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही.

चौथ्या आठवड्यात मिस्त्रीजींच्या पत्नीचा फोन आला. बोलावताहेत, एवढंच म्हणाल्या. मी ऑफिसातून तशीच गेले. मिस्त्रीजी अंगणात खुर्चीवर बसले होते. समोर दुसरी खुर्ची, मध्ये स्टूलावर दवाखान्याचा एक कागद. त्यांनी कानांची तपासणी करून घेतली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं असणारच, पण कागद माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "आप तो ग्राफ़ पढ़ती हैं। पढ़िए।"

मी कागद हातात घेतला. दोन रेघा होत्या, उजव्या कानाची आणि डाव्या कानाची. जाडसर, ढोबळ आवाजांपाशी दोन्ही बऱ्यापैकी वर. मग उंच स्वरांकडे जाताना दोन्ही कड्यावरून घसरल्यासारख्या खाली. मी असे हजारो आलेख वाचले आहेत, इतका वेळ कुठल्याच आलेखाला लागला नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आता मला कळलं की ते नुसते बघत नव्हते, माझे ओठ वाचत होते.

मी सावकाश, स्पष्ट सांगितलं. बोलणं तुम्हाला ऐकू येतं, इंजिनाची धडधड येते, ठोका येतो. बारीक आवाज पोचत नाहीत. दोन्ही कानांना नाहीत.

"और टर्बो की सीटी?"

"नहीं आएगी, मिस्त्रीजी।"

त्यांनी मान हलवली. कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली. आतून चहा आला, तो आम्ही प्यायलो. कप ठेवून ते म्हणाले, "कितने साल से नहीं आ रही होगी।" ते मला विचारत नव्हते. रेल्वेतली शेवटची वर्षं, त्या वर्षांत त्यांनी डोळे मिटून पास केलेली इंजिनं, त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मी विचारलं नाही. मग ते उठले आणि पत्र्याखाली गेले. मीही मागोमाग गेले.

"सुनना अब आपका," ते पाठमोरे म्हणाले. "लेकिन जो सुनाई दे, वही बोलिएगा।"

नवीन चाक आणि दांडी यायला सव्वा महिना लागला. आल्यावर सगळा संच तोल बघायला दिल्लीला गेला, त्याचे आणखी तीन आठवडे. कुणीच घाई केली नाही. तेलाच्या नळीचे सांधे नवीन तांब्याच्या वॉशरांसकट बसवले आणि त्यांना तारेने बांधलं, म्हणजे सैल झाले तरी सुटणार नाहीत. बसवल्यावर मिस्त्रीजींनी पेचकस माझ्या हातात दिला. मी ऐकत होते आणि ते विचारत होते. आवाज जोरासोबत चढतो का? मध्येच तुटतो का? पातळ आहे की खरखरीत? मला नेमके शब्द सापडत नव्हते. ते थांबत, पुन्हा विचारत. दांडी स्वतः बोटांनी हलवून बघत आणि माझं सांगणं त्या हलण्याशी ताडून पाहत. त्या एका दिवसात मी जेवढं ऐकायला शिकले तेवढं आधीच्या चार रविवारांत शिकले नव्हते. संध्याकाळी त्यांनी कानाचं यंत्रही दाखवलं, त्यांच्या मुलीने घेऊन दिलेलं. गॅरेजमध्ये ते लावत नाहीत. हातोडा पडला की डोकं फुटतं म्हणतात.

धुक्याचे दिवस सरल्यावर मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो, या वेळी तिघं. दोन दारांच्या गाडीत मागे शिरणं मिस्त्रीजींना जमणार नव्हतं, म्हणून नवरा गुडघे छातीशी घेऊन मागे बसला आणि आग्र्यापर्यंत दर टोलनाक्यावर उतरून पाय मोकळे करत राहिला. ट्रॅकवर तपासणाऱ्याने काही तक्रार आहे का विचारलं तेव्हा मी सांगितलं, मागच्या वेळी या गाडीचं तेल सांडलं होतं, नळ्या नीट बघा. तो पुन्हा खाली वाकला आणि बराच वेळ टॉर्च मारत राहिला.  उभ्या असलेल्या गाड्यांमधून मी पांढरी छोटी गाडी शोधली. नव्हती.

पहिल्या दोन फेऱ्या मी हळू चालवल्या. त्या वळणावर आले की खांदे आपोआप वर जात. तिसऱ्या फेरीत मी पहिल्यांदा पूर्ण जोर दिला आणि तेव्हाच खालून एक आवाज आला. पत्रा पत्र्यावर आपटावा तसा, बारीक, भराभर. टर्बोचा नव्हता, असं मला वाटलं. वाटलं, खात्री नव्हती. मागून तीन गाड्या येत होत्या. मी हात वर केला, गाडी कडेला घेतली आणि ट्रॅकच्या बाहेर आले.

मिस्त्रीजी कठड्यापलीकडून चालत आले. कसा आवाज, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पत्र्यासारखा, इंजिनाच्या जोरासोबत वाढणारा, पण शिट्टी नाही. गाडी गार होईपर्यंत थांबावं लागलं. तेवढ्यात माझी पाळी संपली, पुढच्यांची सुरू झाली, तीही निम्मी सरली. मग ते हातमोजे घालून खाली वाकले. टर्बोच्या वर उष्णता अडवणारा पत्रा असतो, त्याचा एक बोल्ट पडला होता. दुसरं काही नाही. त्यांनी बाकीचे बोल्ट तपासले, नवीन बोल्ट लावला, सगळ्या नळ्यांवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. कोरडं होतं.

दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं उरली होती. त्यांत मी सहा फेऱ्या मारल्या. आत आले तेव्हा मिस्त्रीजी खिडकीशी उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. टर्बो स्वच्छ आहे, पण दुसऱ्या गियरमध्ये टाकताना थोडी घरघर होते, असं मी सांगितलं.

"तेल देखेंगे गियर का," ते म्हणाले. नवरा तिघांसाठी चहा बघायला गेला.